जुन्या लॅपटॉपची क्षमतावाढ

जुन्या लॅपटॉपची क्षमतावाढ म्हणजे काही वर्षांच्या वापरानंतर संथ झालेल्या लॅपटॉप संगणकातील निवडक भाग बदलून, त्याची अंतर्गत स्वच्छता करून आणि त्यावर योग्य संचालन प्रणाली बसवून तो पुन्हा कामाचा करण्याची प्रक्रिया होय. यात प्रामुख्याने फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कऐवजी सॉलिड स्टेट ड्राइव्ह म्हणजे एसएसडी बसवणे, रॅम वाढवणे, पंखा व उष्णतावाहक भाग साफ करणे आणि क्षीण झालेली बॅटरी बदलणे या कामांचा समावेश होतो. प्रोसेसर बदलणे बहुतेक लॅपटॉपमध्ये शक्य नसते. परंतु सर्वसाधारण लेखन, वाचन, हिशेब आणि इंटरनेटच्या वापरासाठी त्याची सहसा गरजही पडत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या संचालन प्रणालीचे सर्वसाधारण पाठबळ थांबवले. तेव्हापासून, यंत्र म्हणून सुस्थितीत असलेल्या पण विंडोज ११ च्या अटींत न बसणाऱ्या लॅपटॉपचे काय करावे, हा प्रश्न घरे, शाळा आणि लहान कार्यालये यांच्यापुढे उभा राहिला. त्यामुळे क्षमतावाढीचा विषय केवळ वेगापुरता न राहता माहितीची सुरक्षितता, खर्च आणि इलेक्ट्रॉनिक कचरा यांच्याशीही जोडला गेला आहे.

पार्श्वभूमी

सुरुवातीच्या काळातील बहुतेक लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क, रॅम आणि बॅटरी हे भाग सुटे असत. तळाचे एखादे झाकण काढले की रॅमच्या पट्ट्या दिसत आणि बॅटरी खटका दाबून वेगळी करता येई. यंत्रे पातळ आणि हलकी करण्याच्या ओढीमुळे ही रचना हळूहळू बदलली. २००८ साली आलेल्या अ‍ॅपलच्या पहिल्या मॅकबुक एअरमध्ये रॅम मदरबोर्डवरच डाखलेली होती. २०१२ मधील रेटिना पडद्याच्या मॅकबुक प्रोमध्येही तीच पद्धत अवलंबण्यात आली. त्याच वर्षीच्या १३ इंची साध्या मॅकबुक प्रोमध्ये मात्र रॅम आणि हार्ड डिस्क या दोन्ही गोष्टी वापरकर्त्याला बदलता येत होत्या. इंटेलने २०११ पासून पुरस्कारलेल्या ‘अल्ट्राबुक’ या पातळ यंत्रांच्या प्रकारामुळे डाखलेल्या रॅमची पद्धत इतर उत्पादकांमध्येही रूढ झाली.

याच्या उलट दिशेचे प्रयत्नही झाले. २०२० मध्ये स्थापन झालेल्या फ्रेमवर्क या अमेरिकी कंपनीने २०२१ पासून असे लॅपटॉप विकण्यास आरंभ केला, की ज्यांतील मदरबोर्डसह जवळजवळ प्रत्येक भाग ग्राहकाला स्वतः बदलता येतो. रॅमच्या बाबतीत जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये ‘कॅम-२’ हे मानक प्रसिद्ध केले. पातळ यंत्रातही बदलता येण्याजोगी रॅम बसवता यावी, हा त्याचा एक हेतू आहे.

संथपणाची कारणे

लॅपटॉप जुना झाला म्हणून त्याचा प्रोसेसर झिजत नाही. योग्य तापमानात चालणारा प्रोसेसर दहा वर्षांनंतरही पहिल्या दिवसाइतक्याच वेगाने गणिते करतो. संथपणा जाणवतो त्याची कारणे साधारणपणे पुढीलप्रमाणे असतात :

- साठवणीच्या साधनाचा, म्हणजे फिरत्या हार्ड डिस्कचा, मुळातच कमी असलेला वेग;
- नव्या आज्ञावली आणि संकेतस्थळे यांना लागणारी अधिक रॅम;
- धूळ साचल्यामुळे वाढलेली उष्णता आणि त्यामुळे प्रोसेसरने स्वतःहून घटवलेला वेग;
- संगणक सुरू होतानाच आपोआप चालू होणाऱ्या आज्ञावलींची गर्दी;
- बिघडू लागलेली हार्ड डिस्क, जी एकच भाग पुनःपुन्हा वाचण्याचा प्रयत्न करीत राहते.

कोणत्या भागावर खर्च केल्यास खरा लाभ होईल, हे ठरवण्यासाठी संगणकशास्त्रज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला विचार उपयोगी पडतो. एखाद्या कामाचा जो हिस्सा सुधारला जातो, त्या हिश्श्याला लागणाऱ्या वेळेपुरताच एकूण लाभ मर्यादित राहतो, असा त्याचा आशय आहे. समजा, एक लॅपटॉप सुरू होण्यास १०० सेकंद लागतात आणि त्यांपैकी ७५ सेकंद हार्ड डिस्ककडून माहिती येण्याची वाट पाहण्यात जातात. अशा यंत्रात दुप्पट वेगाचा प्रोसेसर बसवला, तर उरलेल्या २५ सेकंदांचे साडेबारा सेकंद होतील आणि एकूण वेळ साडेसत्त्याऐंशी सेकंद होईल. त्याऐवजी दहापट वेगाचे साठवणसाधन बसवले, तर ७५ सेकंदांचे साडेसात सेकंद होऊन एकूण वेळ साडेबत्तीस सेकंदांवर येईल. म्हणूनच आधी अडथळा कोठे आहे ते शोधावे आणि मग भाग बदलावा, हा क्षमतावाढीचा पहिला नियम मानला जातो.

पूर्वतपासणी

भाग विकत घेण्यापूर्वी यंत्राची सद्यस्थिती तपासणे आवश्यक असते. विंडोजमधील टास्क मॅनेजर किंवा लिनक्समधील सिस्टिम मॉनिटर या साधनांत प्रोसेसर, रॅम आणि डिस्क यांचा चालू वापर दिसतो. नेहमीचे काम करीत असताना डिस्कचा वापर सतत शंभर टक्क्यांच्या जवळ राहत असेल, तर अडथळा साठवणीचा असतो. रॅम पूर्ण भरलेली राहत असेल, तर तिची वाढ उपयोगी ठरते. प्रोसेसरच सतत शंभर टक्क्यांवर असेल, तर भाग बदलण्याआधी कोणती आज्ञावली तो वापरत आहे हे पाहावे लागते. कित्येकदा त्यामागे नको असलेली किंवा घातक आज्ञावली निघते.

हार्ड डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ‘स्मार्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यंत्रणेत ठेवते. निकामी झाल्यामुळे बाजूला काढलेल्या भागांची संख्या किंवा वाचण्यास अडलेल्या भागांची संख्या वाढत असेल, तर वेगाचा विचार बाजूला ठेवून प्रथम माहितीची प्रत काढणे हेच तातडीचे काम ठरते.

यानंतर लॅपटॉपचे नेमके प्रारूप पाहून उत्पादकाची दुरुस्तीपुस्तिका शोधावी लागते. रॅमच्या खाचा किती, त्या कोणत्या पिढीच्या, साठवणसाधनाची जोडणी कोणती, तळाचे झाकण कसे उघडते, हे सर्व त्या पुस्तिकेत दिलेले असते. एकाच नावाच्या मालिकेत वेगवेगळ्या वर्षांच्या यंत्रांची अंतर्गत रचना भिन्न असू शकते. म्हणून केवळ मालिकेच्या नावावरून भाग खरेदी करणे धोक्याचे असते.

साठवणसाधन बदलणे

जुन्या लॅपटॉपच्या वेगात सर्वाधिक फरक बहुधा याच बदलामुळे पडतो. लॅपटॉपमधील सामान्य हार्ड डिस्कची चकती मिनिटाला ५,४०० वेळा फिरते. याचा अर्थ एक फेरी पूर्ण होण्यास सुमारे ११ मिलिसेकंद लागतात आणि हवी असलेली माहिती वाचकशीर्षाखाली येईपर्यंत सरासरी अर्ध्या फेरीची, म्हणजे साडेपाच मिलिसेकंदांची वाट पाहावी लागते. त्यात शीर्ष योग्य वर्तुळावर नेण्याचा वेळ मिळवला, की विखुरलेल्या माहितीचे सेकंदाला साधारण साठ-सत्तर तुकडेच वाचता येतात. संचालन प्रणाली सुरू होताना हजारो लहान फाइली वाचाव्या लागतात. त्यामुळे हा विलंब साचत जातो. एसएसडीमध्ये फिरणारा कोणताही भाग नसतो. माहिती फ्लॅश स्मृतीच्या चिपांमध्ये असते आणि तिच्यापर्यंत पोहोचण्यास मिलिसेकंदाचा सुमारे दहावा भाग पुरतो. शिवाय एसएसडी एकाच वेळी अनेक चिपांमधून वाचन करू शकते.

लॅपटॉपमध्ये एसएसडीचे पुढील प्रकार आढळतात :

- अडीच इंची साटा : जुन्या हार्ड डिस्कच्या जागी थेट बसते. साटाच्या तिसऱ्या आवृत्तीचा वेग सेकंदाला ६ गिगाबिट असून प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइटपर्यंत वाचन होते. जागा ७ मिलिमीटर उंचीची आहे की साडेनऊ, हे पाहावे लागते.
- एमसाटा : २०११ ते २०१३ च्या सुमारास काही यंत्रांत वापरलेली लहान पट्टी. नंतर तिची जागा एम-२ पट्टीने घेतली.
- एम-२ साटा : आकार नव्या पट्टीचा, पण जोडणी साटाचीच. वेगही तेवढाच.
- एम-२ एनव्हीएमई : पीसीआय एक्सप्रेस मार्गाने जोडलेली. पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या आवृत्तीच्या चार मार्गिकांवर सेकंदाला सुमारे ३,५०० मेगाबाइटपर्यंत वाचन शक्य होते.

एम-२ साटा आणि एम-२ एनव्हीएमई या पट्ट्या दिसायला सारख्या असल्या, तरी एकीच्या जागी दुसरी चालेलच असे नाही. काही जुन्या यंत्रांच्या बायॉसला एनव्हीएमई साधनावरून संगणक सुरू करता येत नाही. उलट, जुन्या यंत्रात दुसऱ्या आवृत्तीचाच, म्हणजे ३ गिगाबिटचा साटा असला, तरी निराश होण्याचे कारण नाही. अशा यंत्रात एसएसडीचा महत्तम वेग निम्म्यावर येतो. परंतु रोजच्या कामात जाणवणारा मुख्य लाभ विलंब कमी होण्याचा असतो आणि तो जवळजवळ तसाच मिळतो.

जुनी माहिती नव्या साधनावर आणण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत काढणे, आणि दुसरा म्हणजे संचालन प्रणाली नव्याने बसवून केवळ आपल्या फाइली परत आणणे. पहिल्या मार्गात श्रम कमी. पण अनेक वर्षांचा साचलेला पसाराही सोबत येतो. दुसरा मार्ग वेळखाऊ असला, तरी परिणाम अधिक स्वच्छ मिळतो. काढलेली जुनी हार्ड डिस्क सुस्थितीत असल्यास बाहेरील आवरणात घालून माहितीची प्रत ठेवण्यासाठी वापरता येते. ज्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह आहे, त्यात तिच्या जागी बसणारा साचा घेऊन दोन्ही साधने एकत्र ठेवण्याची पद्धतही प्रचलित आहे.

रॅम वाढवणे

रॅम हे प्रोसेसरचे कामाचे टेबल आहे, असे समजावण्याची पद्धत आहे. टेबल लहान पडले की मधूनमधून कागद कपाटात ठेवावे लागतात आणि पुन्हा काढावे लागतात. संगणकातही रॅम अपुरी पडली, की संचालन प्रणाली तिच्यातील काही माहिती डिस्कवर हलवते. रॅममधून माहिती मिळण्यास साधारण शंभर नॅनोसेकंद लागतात, तर फिरत्या डिस्कवरून दहा मिलिसेकंदांहून अधिक. म्हणजे हा फरक लाखपटीचा आहे. ही ने-आण सतत होऊ लागली, की माउसचा बाणदेखील अडखळतो.

लॅपटॉपच्या रॅमच्या पट्ट्या पिढीनुसार वेगळ्या असतात. डीडीआर-३ पट्टीला २०४, डीडीआर-४ पट्टीला २६० आणि डीडीआर-५ पट्टीला २६२ संपर्कबिंदू असतात. पट्टीतील खाचेची जागाही निराळी असल्याने एका पिढीची पट्टी दुसऱ्या पिढीच्या खाचेत बसत नाही. डीडीआर-३ च्या बाबतीत आणखी एक सावधगिरी लागते. मूळ डीडीआर-३ दीड व्होल्टवर चालते, तर डीडीआर-३एल ही १.३५ व्होल्टवर. दोन्ही एकाच खाचेत बसतात. परंतु कमी व्होल्टसाठीच बनवलेल्या यंत्रात दीड व्होल्टची पट्टी चालत नाही.

दोन खाचा असल्यास दोन्हींत समान क्षमतेच्या पट्ट्या बसवणे हितावह असते. त्यामुळे प्रोसेसरला दोन मार्गांनी एकाच वेळी माहिती मिळते आणि ज्या यंत्रात चित्रप्रक्रिया प्रोसेसरमध्येच अंतर्भूत आहे, तेथे त्याचा विशेष लाभ होतो. सर्वसाधारण वापरासाठी ८ जीबी रॅम पुरते. अनेक संकेतस्थळे एकाच वेळी उघडी ठेवणाऱ्यांना किंवा छायाचित्रांवर काम करणाऱ्यांना १६ जीबी सोयीची ठरते. संचालन प्रणाली ३२ बिटची असल्यास ४ जीबीपेक्षा अधिक रॅम बसवूनही सहसा उपयोग होत नाही, कारण ३२ अंकी द्विमान पत्त्यांनी तेवढ्याच जागा दर्शवता येतात. अशा वेळी ६४ बिटची प्रणाली बसवावी लागते.

उष्णता आणि स्वच्छता

लॅपटॉपमधील प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या नळीतून धातूच्या बारीक पात्यांपर्यंत जाते आणि तेथून पंखा ती बाहेर फेकतो. पंखा आणि पाती यांच्यामध्ये काही वर्षांत धुळीचा अक्षरशः पोत तयार होतो. प्रोसेसर आणि तांब्याचा ठोकळा यांच्यामधील उष्णतावाहक पेस्टही कालांतराने वाळते. तापमान ठरावीक मर्यादेपर्यंत पोहोचले, की प्रोसेसर स्वतःच्या रक्षणासाठी वेग कमी करतो. लॅपटॉपसाठीच्या अनेक इंटेल प्रोसेसरांत ही मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. सकाळी नीट चालणारे यंत्र अर्ध्या तासाने मंदावत असेल आणि पंखा सतत घोंघावत असेल, तर कारण बहुधा हेच असते.

धूळ काढून नवी पेस्ट लावण्याचा खर्च इतर कोणत्याही बदलापेक्षा कमी असतो. हवेचा झोत मारताना पंख्याचे पाते धरून ठेवावे लागते; अन्यथा तो अतिवेगाने फिरून खराब होऊ शकतो. यंत्र उघडण्यापूर्वी चार्जर काढणे, बॅटरीची जोडणी सोडवणे आणि धातूच्या वस्तूला स्पर्श करून अंगातील स्थिर विद्युत घालवणे हे संकेत पाळले जातात. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब स्क्रू चुकीच्या जागी घातल्यास तो मदरबोर्डला इजा करू शकतो. म्हणून ते काढलेल्या क्रमाने कागदावर मांडून ठेवण्याची पद्धत आहे.

बॅटरी

लिथियम-आयन बॅटरी वापर असो वा नसो, काळाबरोबर क्षीण होतच जाते. सामान्यतः ३०० ते ५०० पूर्ण भारचक्रांनंतर तिची क्षमता मूळ क्षमतेच्या सुमारे ८० टक्क्यांवर येते. उष्ण जागी आणि कायम पूर्ण भारित अवस्थेत ठेवल्यास ही घट लवकर होते. बॅटरीची मूळ आणि सध्याची क्षमता विंडोज व लिनक्स या दोन्ही प्रणालींत पाहता येते.

बॅटरी फुगली असेल, टचपॅड किंवा कळफलक वर उचलला गेला असेल, तर यंत्राचा वापर ताबडतोब थांबवावा लागतो. फुगलेली बॅटरी दाबणे, टोचणे किंवा भारित करणे यांतून आग लागू शकते. ती घरच्या कचऱ्यात न टाकता अधिकृत संकलन केंद्रात द्यावी लागते. बदली बॅटरी घेताना केवळ किंमत न पाहता उत्पादक आणि हमी यांचीही खात्री करून घेणे आवश्यक असते, कारण नकली बॅटऱ्यांमध्ये संरक्षक मंडल निकृष्ट असण्याचा संभव असतो.

संचालन प्रणाली

५ ऑक्टोबर २०२१ रोजी प्रसिद्ध झालेल्या विंडोज ११ साठी ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा चिप, सुरक्षित आरंभाची सोय आणि मान्य यादीतील प्रोसेसर या अटी आहेत. इंटेलच्या बाबतीत ही यादी मुख्यतः आठव्या पिढीपासून सुरू होते. त्यामुळे २०१७ पूर्वीचे बहुसंख्य लॅपटॉप, एसएसडी आणि रॅम बसवूनही, अधिकृतपणे विंडोज ११ साठी पात्र ठरत नाहीत. विंडोज १० च्या घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने सुरक्षा सुधारणांची मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देऊ केली. मुदतीनंतर यंत्र बंद पडत नाही. परंतु नव्याने सापडणाऱ्या त्रुटी बुजवल्या जात नाहीत. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करणे जोखमीचे होत जाते.

दुसरा पर्याय लिनक्स प्रणालीचा आहे. लिनक्स मिंट, उबुंटू, डेबियन ही तिची प्रसिद्ध वितरणे विनामूल्य मिळतात. मिंटची एक्सएफसीई आवृत्ती किमान २ जीबी रॅमवर चालते. ४ जीबी असल्यास वापर सुखकर होतो. पेन ड्राइव्हवरून चालवून पाहण्याची सोय असल्याने, जुनी प्रणाली न पुसता ध्वनी, वायफाय आणि छापयंत्र नीट चालतात की नाही याची चाचणी घेता येते. ३२ बिटच्या अतिजुन्या यंत्रांसाठी मात्र पर्याय आटत चालले आहेत; ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियनच्या तेराव्या आवृत्तीत ३२ बिट इंटेल संगणकांसाठी स्वतंत्र स्थापना उपलब्ध नाही. भारतात, पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने डेबियनवर आधारित ‘बॉस’ ही प्रणाली विकसित केली असून तीत भारतीय भाषांचा अंतर्भाव आहे. केरळातील शासकीय शाळांमध्ये मुक्त संचालन प्रणालीचा वापर दीर्घकाळ होत आला आहे.

मराठी वापरकर्त्यांना लिनक्सवर युनिकोड टंक आणि इनस्क्रिप्ट कळफलक हे दोन्ही मिळतात. अडचण येते ती जुन्या दस्तऐवजांची. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर विशिष्ट टंकांच्या खासगी संकेतांत साठवला जाई. तो टंक नसलेल्या यंत्रावर अशी फाइल उघडली, की देवनागरीऐवजी निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. त्या काळातील बहुतेक मराठी टंकलेखन आज्ञावली विंडोजसाठीच बनवलेल्या होत्या. म्हणून ज्यांच्या संगणकावर पूर्वीची हस्तलिखिते, शालेय प्रश्नपत्रिका, संस्थांची इतिवृत्ते किंवा स्मरणिकांचा मजकूर आहे, त्यांनी प्रणाली बदलण्याआधी तो मजकूर परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणून घेणे आणि मूळ टंकांची प्रतही जतन करणे महत्त्वाचे ठरते. यंत्र नवे झाले आणि त्यातील मजकूर वाचता येईनासा झाला, तर ती क्षमतावाढ व्यर्थ ठरते.

माहितीची सुरक्षितता

क्षमतावाढीतील सर्वांत मोठे नुकसान भाग तुटल्याने होत नाही, तर माहिती गमावल्याने होते. भाग बदलता येतो. कुटुंबाची छायाचित्रे पुन्हा काढता येत नाहीत. म्हणून माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक निराळ्या ठिकाणी ठेवावी, असा संकेत रूढ आहे. प्रत काढल्यानंतर त्यातील काही फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्याखेरीज प्रत पूर्ण झाली असे मानले जात नाही.

विंडोजमधील बिटलॉकर किंवा तत्सम कूटबद्धता चालू असल्यास तिची पुनर्प्राप्ती कळ आधीच लिहून ठेवावी लागते. अन्यथा साठवणसाधन किंवा मदरबोर्ड बदलल्यावर माहिती कायमची कुलूपबंद राहू शकते. एसएसडीविषयी हेही ध्यानात घ्यावे लागते, की हार्ड डिस्क बिघडण्यापूर्वी अनेकदा खडखडाट किंवा मंदपणा यांतून सूचना देते, तर एसएसडी पूर्वसूचनेविना एकाएकी बंद पडू शकते. एसएसडी बसवल्याने प्रत ठेवण्याची गरज संपत नाही.

यंत्र दुरुस्तीला देताना किंवा विकताना त्यातील माहिती पुसणे आवश्यक असते. फाइल खोडली तरी तिचा मजकूर लगेच नष्ट होत नाही. फिरत्या डिस्कवर पूर्ण पुनर्लेखन करावे लागते, तर एसएसडीसाठी तिच्यातच असलेला सुरक्षित पुसण्याचा आदेश वापरावा लागतो.

उदाहरण : थिंकपॅड टी४२०

लेनोवोचा थिंकपॅड टी४२० हा २०११ मधील लॅपटॉप क्षमतावाढीच्या दृष्टीने उत्तम उदाहरण आहे. कार्यालयीन वापरासाठी बनवलेले हे १४ इंची यंत्र नंतर जुन्या बाजारात मोठ्या संख्येने आले. त्यात इंटेलचा दुसऱ्या पिढीतील प्रोसेसर, डीडीआर-३ रॅमच्या दोन खाचा, अडीच इंची साटा डिस्कची जागा आणि खटक्याने निघणारी बॅटरी आहे. ८ जीबीच्या दोन पट्ट्या बसवून रॅम १६ जीबीपर्यंत नेता येते. मुख्य डिस्कची जोडणी ६ गिगाबिटची असल्याने साटा एसएसडी पूर्ण वेगाने चालते. मोबाइल नेटवर्कच्या कार्डासाठी असलेल्या खाचेत एमसाटा पट्टीही बसते. तेथील वेग मात्र ३ गिगाबिटचा आहे. प्रोसेसर खोबणीत बसवलेला असल्यामुळे तोही बदलता येतो, जे पुढच्या काळात दुर्मीळ झाले.

याच यंत्रात क्षमतावाढीच्या मर्यादाही दिसतात. त्याचे बायॉस मान्य यादीबाहेरचे वायफाय कार्ड स्वीकारत नाही. त्यामुळे नव्या मानकाचे कार्ड थेट बसवता येत नाही. सुरक्षा चिप टीपीएम १.२ आवृत्तीची असल्याने आणि प्रोसेसर यादीत नसल्याने विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. प्रोसेसरमधील चित्रप्रक्रियेला एच.२६४ हा चलच्चित्र प्रकार उलगडता येतो. व्हीपी९, एचईव्हीसी आणि एव्ही१ हे नंतरचे प्रकार मात्र तिला परिचित नाहीत. अशा प्रकारातील उच्च प्रतीचे चलच्चित्र लावले, की सर्व भार प्रोसेसरवर पडतो आणि यंत्र तापते. या अडचणीवर रॅम किंवा एसएसडी हा उपाय नव्हे. सारांश, लिनक्स बसवलेला टी४२० लेखन, वाचन, हिशेब आणि प्रोग्रॅमिंगच्या अभ्यासासाठी समर्थ ठरतो. परंतु चित्रफितींचे संकलन किंवा नव्या त्रिमितीय खेळांसाठी नाही.

खरेदी आणि मर्यादा

सुटे भाग मुंबईतील लॅमिंग्टन रस्ता, दिल्लीतील नेहरू प्लेस यांसारख्या बाजारपेठांत तसेच ऑनलाइन दुकानांत मिळतात. जुन्या पिढीची रॅम बहुधा वापरलेलीच मिळते आणि ती मेमरी-चाचणीची आज्ञावली रात्रभर चालवून तपासता येते. अतिशय स्वस्तात मोठी क्षमता सांगणाऱ्या एसएसडी आणि पेन ड्राइव्ह कधीकधी बनावट असतात; संगणकाला मोठा आकडा दाखवतात, पण खऱ्या क्षमतेपलीकडची माहिती नष्ट करतात. संपूर्ण साधन भरून पुन्हा वाचून पाहणाऱ्या आज्ञावलीने ही फसवणूक उघडी पडते. खरेदीनंतरच्या परतीच्या मुदतीतच ही चाचणी करणे हिताचे असते.

पुढील परिस्थितींत खर्च करण्यापूर्वी फेरविचार केला जातो :

- रॅम आणि साठवण दोन्ही मदरबोर्डवर डाखलेली असणे;
- मदरबोर्ड, पडदा आणि बॅटरी असे अनेक भाग एकाच वेळी निकामी होणे;
- प्रोसेसर ३२ बिटचाच असणे;
- आवश्यक आज्ञावलीला जुन्या प्रोसेसरमध्ये नसलेल्या सोयींची गरज असणे;
- एकूण खर्च सुस्थितीतील नंतरच्या पिढीच्या वापरलेल्या यंत्राच्या किमतीजवळ जाणे.

शेवटच्या परिस्थितीत एसएसडी मात्र वाया जात नाही. अडीच इंची एसएसडी पुढील यंत्रात किंवा बाहेरील आवरणात वापरता येते. म्हणून शंका असल्यास तिच्यापासूनच सुरुवात करण्याचा सल्ला दिला जातो.

पर्यावरण आणि कायदा

संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी प्रसिद्ध केलेल्या २०२४ च्या जागतिक ई-कचरा अहवालानुसार २०२२ साली जगात ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला. त्यांपैकी केवळ २२.३ टक्के कचऱ्याचे रीतसर संकलन आणि पुनर्चक्रण झाल्याची नोंद आहे. लॅपटॉपच्या आयुष्यातील एकूण कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा त्याच्या निर्मितीतच खर्ची पडलेला असतो. त्यामुळे तेच यंत्र अधिक वर्षे वापरणे हा उत्सर्जन घटवण्याचा परिणामकारक मार्ग ठरतो.

भारतात ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांनुसार उत्पादकांवर कचऱ्याच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी टाकण्यात आली असून यंत्रे नूतनीकरण करणाऱ्यांचाही नियमांत समावेश आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या अधिकाराचा आराखडा ठरवण्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासंबंधीचे संकेतस्थळ सुरू केले. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसह काही वस्तूंवर दुरुस्तीसुलभतेचा निर्देशांक छापणे बंधनकारक झाले. युरोपीय संघाच्या २०२३ मधील बॅटरीविषयक नियमावलीनुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून बहुतेक लहान उपकरणांतील बॅटऱ्या वापरकर्त्याला काढता व बदलता येतील अशा असणे अपेक्षित आहे.

हे सुद्धा पहा

- सॉलिड स्टेट ड्राइव्ह
- रॅम
- लिनक्स
- इनस्क्रिप्ट
- युनिकोड
- इलेक्ट्रॉनिक कचरा
- दुरुस्तीचा अधिकार